कागद जपावेत, पण कुणाला सापडू नयेत

सगळ्यात आधी एक सांगतो: फाईल आणू नका. फाईल आणली की तिच्यावर नाव घालावं लागतं, नाव घातलं की आत तेच कागद ठेवावे लागतात, आणि मग ते घरातल्या कुणालाही सापडायला लागतात. तिथंच तुमचं घरातलं वजन संपतं. आज मंडळींना घरपट्टीची पावती सापडली, उद्या सातबारा सापडेल, परवा एफडी. मग तुम्हाला विचारणार कोण?

कागदांची खरी जागा म्हणजे कापड दुकानाची पिशवी. बस्ता जिथं बांधला त्याच दुकानाची असेल तर उत्तम. तिच्यात घराचं खरेदीखत, त्याला चिकटून गॅसचं पुस्तक, थोरल्याचं लसीकरणाचं कार्ड, मुदत संपलेली पॉलिसी, चालू पॉलिसी आणि केव्हाच भंगारात गेलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड, सगळं एकत्र नांदू द्यावं. पिशवी दिवाणात, दिवाणावर गादी, गादीवर तुमचे वडील. म्हणजे कागद काढायचा तर वडील संध्याकाळी घाटावर फिरायला जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि ते आले की कागद परत. एवढा बंदोबस्त बँकेच्या लॉकरलाही नसतो.

लाईट बिलं मात्र तारेला टोचावीत. १९९४ पासूनची असावीत. पाहुण्यांना दाखवता येतात.

नवीन कागद हातात आला की तो लगेच लॅमिनेट करून आणा. दाखला असो, खरेदीखत असो, मागेपुढे बघू नका. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही, काढायला गेलं तर कागदासकट निघतं, आणि प्लॅस्टिकवर कुणाला शिक्का मारता येत नाही, सही करता येत नाही. तुमचा कागद जसा आहे तसा अजरामर होतो. दुकानातल्या मशीनच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फ्रिजवर ठेवा. त्या छापायला शाई नसतेच, कागदावरचा थर उष्णतेनं काळा होतो एवढंच. त्यामुळं ऊन, ऊब आणि प्लॅस्टिक यांच्या संगतीत अक्षरं हळूहळू उडून जातात. मोबाईल बिघडून दुकानात जायची वेळ येते तोवर पावती छान पांढरीशुभ्र झालेली असते. तरी टाकायची नाही. पावती ती पावती.

सांगलीसारख्या हळदीच्या गावात राहून खरेदीखताला हळद कमी पडू देऊ नये. दर लक्ष्मीपूजनाला कागद पाटावर मांडून हळदी-कुंकवाचं बोट नेमकं गट नंबरवर टेकवावं. चारपाच दिवाळ्यांत आकडा वाचता येत नाही आणि जमिनीला नजर लागत नाही.

झेरॉक्सच्या बाबतीत दोन नियम पाळा. झेरॉक्स नेहमी झेरॉक्सची काढा, म्हणजे आधार कार्डावरचा फोटो तुमच्या आजोबांसारखा दिसायला लागतो. आणि कधी मूळ कागद नेलाच, तर तो मशीनच्या झाकणाखाली विसरून या. शहरातल्या निम्म्या घरांची खरी कागदपत्रं झेरॉक्सवाल्याच्या ड्रॉवरात सुखरूप आहेत, आणि तिथं ती निदान एका गठ्ठ्यात तरी असतात.

शिकलेली पोरं सांगतील, 'बाबा, डिजीलॉकर घ्या.' सरकारचं ते मोबाईलवरचं कागदांचं कपाट २०१५ पासून आहे, म्हणून काय झालं? डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, हे खरं. पण त्यात मान काय आहे? तलाठ्याच्या दारात उभं राहून, चहा सांगून, दोन जुन्या ओळखी काढून आणलेल्या उताऱ्याची शान वेगळीच. पोरांनी फारच धरलं तर डिजीलॉकर उघडा, फक्त तो बंद पडलेल्या सिमच्या नंबरला जोडा. बाकीचे कागद घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. शुभ सकाळच्या गुलाबांखाली पॅन कार्ड कुणाला दिसत नाही, तुम्हालाही नाही.

आता पूर. सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी घड्याळासारखी वाचता येते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ४० ला टीव्ही माडीवर न्यावा, ४५ ला फ्रिज आणि गहू. कागदांची घाई नको, 'दिवाणापर्यंत पाणी येत नाही' हे वाक्य म्हणत राहावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हाही सांगलीच्या गावभागात हे वाक्य कुणीतरी म्हणतच होतं, २००५ च्या पुराच्या अनुभवावरून. मग पाणी ओसरल्यावर गच्चीवर जे दृश्य दिसलं ते दिसलं. साड्यांच्या शेजारी चिमटे लावून टांगलेली दहावीची गुणपत्रकं. स्टेपलरच्या पिनांचा गंज पसरून तांबूस झालेला फेरफार. लॅमिनेशनच्या आत शिरलेलं आणि तिथंच राहिलेलं कृष्णेचं पाणी. खाली पंचनाम्याला माणूस आला तर त्याला आधार, रेशन कार्ड आणि पासबुकाच्या झेरॉक्स हव्या होत्या. त्याचंही बरोबर होतं. काय काय वाहून गेलं ते कागदावर दाखवायला कागद लागणारच.

तेव्हापासून बऱ्याच घरांत कागद माळ्यावर गेले. सुधारणा म्हणायची. आता ते भिजत नाहीत, त्यांना वाळवी लागते.

नावाकडे वळू. प्रत्येक कागदावर नाव थोडं वेगळं पाहिजे. शाळेच्या दाखल्यावर पाळण्यातलं, सातबाऱ्यावर आजोबांनी हाक मारायचं, पॅनवर आडनाव आधी. बायकोचं तर सोपं असतं: दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, आणि दोन्ही एकच बाई आहे हे सांगणारा विवाह नोंदणीचा दाखला कधी काढलेलाच नाही. 'अल्बम आहे की आपल्याकडं,' असं म्हणावं. स्वतःची जन्मतारीख गुरुजींनी घातलेली १ जून. आईच्या म्हणण्याप्रमाणे जन्म गणपतीतला.

नॉमिनीच्या रकान्यात आईचंच नाव राहू द्या. पहिली पॉलिसी घेतली तेव्हा लग्न झालं नव्हतं, तेव्हा घातलेलं आहे. आई जाऊन वर्षं झाली तरी बदलू नये, ते बरं दिसत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात म्हणे. म्हणजे पहिलं नाव कुणाचं आणि कुणाला किती टक्के, यावरून जिवंतपणीच भांडणं. त्यापेक्षा आई बरी. मृत्युपत्राचा विषय कुणी काढलाच तर ताटावरून अर्धवट उठा आणि 'एवढी घाई झालीय का माझी?' एवढंच विचारा. पुन्हा वर्षभर कुणी तोंड उघडत नाही.

कुठल्या बँकेत किती आहे, हेही सांगत बसू नका. एखादी ठेव दहा वर्षं कुणी विचारली नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. बुडत नाही, वारसांना मागता येते. ती कुठल्या बँकेतली हे शोधायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलंय. तुम्ही भिंतीवर फोटोत जाऊन बसलात की धाकटा पुण्यातून रात्री लॅपटॉप उघडून ते लावेल. खातेदाराचं नाव टाका म्हणेल, तो तीन तऱ्हेनं टाकून बघेल. मग पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांतलं काहीतरी एक मागेल. पॅन कुठं आहे ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. शेवटी तो सांगलीला फोन लावेल.

"आई, बाबांची जन्मतारीख काय गं?"

"शाळेतली का खरी?"