झोपाळू मॅगी एक नव्हे, दोन

नमस्कार. माझ्या लेखावर प्रतिक्रिया तुम्ही सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप मला समजले ते असे. 'जेनीज चिकन्स' या आयरिश रीलचा (जलद नाचाच्या सुरावटीचा) माग काढताना मी थेट स्कॉटलंडच्या 'स्लीपी मॅगी' या सुरावटीपाशी पोचलो आणि आयर्लंडच्या घरातलीच 'ड्राउझी मॅगी' विसरलो. फ्रान्सिस ओनीलचे आयरिश सुरावटींचे छापील संग्रह असताना ग्रामोफोनच्या खरखरत्या तबकडीला जास्त मान दिला. आणि त्या तबकडीवरचा आयरिश वादक मायकेल कोलमन फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) अर्धा स्वर चढवून लावायचा, हे पुराव्याशिवाय ठोकून दिलं.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. डिजिटल प्रतीत सूर चढा ऐकू आला आणि मी ते फिडलच्या माथी मारलं. तबकडी सहा टक्के जोरात फिरली की सगळंच अर्धा स्वर वर जातं. मिनिटाला ७८ ऐवजी ८२-८३ फेरे झाले की पुरे. त्यातून '७८ची तबकडी' हे नाव सरसकट पडलेलं, काही कंपन्या ८० फेऱ्यांवर ध्वनिमुद्रण करत. मी साथीचा पियानो आधी ऐकायला हवा होता. फिडलच्या खुंट्या पिळता येतात, पण एका तबकडीसाठी पियानो कोणी नव्याने लावत नाही. पियानोचे सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडत असतील, तर संशय आधी फेऱ्यांवर जायला हवा. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

आता मॅगीकडे. 'स्लीपी' काय आणि 'ड्राउझी' काय, दोन्ही झोपाळूच, मग सुरावट एकच असणार, असं तुम्ही म्हणता. मीही कितीतरी दिवस तसंच धरून चाललो होतो. तुम्ही व्हायोलिन वाजवता, तर ऐकण्यापेक्षा वाजवूनच बघा. 'ड्राउझी मॅगी'साठी ई ला सा माना. पहिला बार (तालाचा एक खंड) येतो: साऽ प सा नी सा प सा. नी कोमल. प्रत्येक उडीनंतर सूर सा वर परततो, जणू तानपुऱ्याची तारच सुरावटीत विणली आहे. दुसऱ्या भागात घर बदलतं आणि तो कोमल नीच सा होऊन बसतो (मूर्च्छना, म्हणजे त्याच स्वरांत सा हलवणं, शिकवायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही).

'स्लीपी मॅगी' उभी असते बी वर. बी ला सा मानलं तर पहिल्या बारात प आणि सा यांची ये-जा, आणि दुसऱ्या बारात तीच नक्षी एक पायरी खाली, कोमल नीवर. मग पुन्हा वर. ही वर-खाली झोका घेण्याची चाल स्कॉटिश बॅगपाइपच्या संगीतात पदोपदी भेटते. आता 'जेनीज चिकन्स' वाजवा: तोच बी, तोच झोका. म्हणजे नावाने सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन मॅगी एकमेकींच्या कोणीच नाहीत, आणि जेनीची पिल्लं मात्र स्कॉटिश मॅगीच्या पोटची. ही मॅगी १७३४ सालच्या हस्तलिखितात आहे. डेव्हिड यंग नावाच्या लेखनिकाने ते पर्थच्या ड्यूकसाठी तयार केलं होतं. नावं अशी चकवतात म्हणून तर ब्रेंडॉन ब्रॅनख या आयरिश संग्राहकाने आपली सूची नावांवर न बेतता सुरावटीच्या सुरुवातीच्या स्वरांचे आकडे मांडून केली. त्याच्या नृत्यसंगीताच्या संग्रहाचा पहिला खंड १९६३ला आला.

छापील पुस्तकाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. "भातखंड्यांनी लिहून ठेवलं म्हणून चिजा टिकल्या" हे तुमचं म्हणणं मान्य. पण क्रमिक पुस्तकमालिकेतून जशीच्या तशी चीज उचलून बैठकीत गाणारा गवई तुम्ही ऐकलाय का? फ्रान्सिस ओनील मूळचा कॉर्क परगण्यातला, पुढे शिकागोच्या पोलिसांचा प्रमुख झाला. त्याचा १९०३चा संग्रह १,८५० सुरावटींचा, १९०७चा १,००१ नृत्यसुरावटींचा. स्वरलेखन त्याचं स्वतःचं नव्हे. त्याने ऐकवायचं आणि जेम्स ओनील या दुसऱ्या आयरिश माणसाने कागदावर उतरवायचं, अशी पद्धत. म्हणजे कागदाआधीही दोन कान आहेतच. रीलच्या छापील पानावर बहुधा सोळा बार मिळतात. दुसऱ्या फेरीला काय बदलायचं, गज कुठे उलटायचा, हे पान सांगत नाही. (योगायोग बघा, भातखंडे आणि ओनील दोघेही १९३६ सालीच गेले.)

तेच सगळं तबकडीत आहे. कोलमन स्लायगोचा. १९१४ला अमेरिकेत गेला आणि १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये तबकड्या भरत राहिला. 'जेनीज चिकन्स' त्याने 'बॉनी केट'ला जोडून वाजवलंय, आणि त्या 'बॉनी केट'मध्ये फेरीगणिक तो जे बदल करतो ते ऐकून-ऐकून आयर्लंडमधल्या वादकांनी पाठ केले. न्यूयॉर्कहून घरी धाडलेली तबकडी गावच्या फिडलवाल्याचं वाजवणं बदलून टाकत असेल, तर तिला पुस्तकाखालचा दर्जा मी कसा देऊ? तोटाही तिथेच आहे. तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन मिनिटं मावतात, म्हणून दोन-तीन रील एकापाठोपाठ उरकायच्या, आणि तोच जोड पुढे परंपरा म्हणून चालू राहतो. हे लेखात यायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी कबूल करतो.

तुमच्याकडे 'ड्राउझी मॅगी'चं जे स्वरलेखन आहे, त्याचे पहिले दोन बार इथेच सरगममध्ये लिहाल का? दुसऱ्या बारात पहिल्या बाराचीच नक्षी एक पायरी खाली उतरत असेल, तर तुमच्या वहीत बहुतेक नावांची अदलाबदल झाली आहे.