एका दिवसात राष्ट्रीय उद्यान: हिशोब परतीपासून मांडा

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीच्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सकाळी निघून रात्री घरी यायचंय, अमुक राष्ट्रीय उद्यान जमेल ना?" फोनवर जायला लागणारा वेळ दिसतो, त्याची दुप्पट केली की हिशोब झाला असं बहुतेकांना वाटतं. यावर माझं मत जरा कडक आहे, पण ते मी सगळ्यांना सांगते. उद्यानाच्या आत मिळणारे तास जाण्यायेण्याच्या तासांपेक्षा जास्त असतील तरच एका दिवसात जा. नसतील तर जवळचं उद्यान शोधा, नाहीतर एक रात्र मुक्काम करा.

हे मी का म्हणते ते सांगते. फोन दाखवतो ते अंतर उद्यानाच्या नावापर्यंतचं, म्हणजे बऱ्याचदा नकाशातल्या कुठल्या तरी एका खुणेपर्यंतचं असतं. तुम्हाला जिथे जायचंय ती पायवाट, ते तळं, तो कडा तिथून आणखी तासाभराच्या रस्त्यावर असू शकतो, आणि आतले रस्ते हमरस्त्यासारखे नसतात. मोठ्या उद्यानांना अनेक प्रवेशद्वारं असतात. ताडोब्याचंच घ्या. नागपूरकडून येणाऱ्याला कोलारा गेट सोयीचं, तर चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली. आरक्षण गेटप्रमाणे होतं. त्यामुळे चुकीच्या गेटचं तिकीट हातात असेल तर सकाळची फेरी गेलीच म्हणून समजा. उद्यानाचं नाव ठरवण्याआधी गेट ठरवा, आणि वेळ गेटपर्यंतची मोजा.

मग हिशोब उलटा मांडायला घ्या. घरी किती वाजता पोहोचायचं, त्यासाठी गेटमधून किती वाजता बाहेर पडायचं, गेट बंद किती वाजता होतं, आणि त्यापूर्वी गाडीपर्यंत परत यायला किती वेळ लागेल. इथपर्यंत आलात की चालायला खरोखर किती तास उरतात ते दिसतं. चार तास जायला आणि चार तास यायला लागणार असतील, तर खाणंपिणं, पार्किंग, तिकिटाची रांग धरून पदरात जेमतेम तीन तास पडतात. त्या तीन तासांसाठी एका माणसाला दिवसभर गाडी चालवायला लावायची, आणि परतीचा टप्पा तो अंधारात, थकलेल्या डोळ्यांनी पार करणार. जंगलातल्या धोक्यांची चर्चा आपण खूप करतो, पण अशा सहलीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या परतीच्या रस्त्याची. गाडी चालवू शकणारी दोन माणसं असणं ही माझ्या दृष्टीने चैन नाही, अट आहे.

उजेडाचाही विचार करा. विषुववृत्ताजवळच्या देशांत सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात संधिप्रकाश तासन्‌तास रेंगाळतो, पण हिवाळ्यात दिवस इतका आखूड होतो की दुपारीच परतीला लागावं लागतं. दाट झाडीत तर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी पायाखालची वाट दिसेनाशी होते. म्हणून सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवा आणि वाट त्याच्या तासभर आधीच संपेल असं बघा.

चालण्याचा अंदाज बांधायला एक जुना नियम अजून कामाला येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि प्रत्येक तीनशे मीटर चढाईला अर्धा तास वाढवायचा. म्हणजे दहा किलोमीटरची वाट आणि सहाशे मीटर चढ असेल तर तीन तास. पण हा वेळ न थांबता चालणाऱ्या, सवय असलेल्या माणसाचा आहे. लहान मुलं, गुडघे दुखणारे आजीआजोबा, फोटो काढणारी मंडळी बरोबर असतील तर मी हा आकडा सरळ दुप्पट करते. आणि गटाचा वेग म्हणजे गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा वेग, हे निघण्याआधीच सगळ्यांसमोर बोलून घ्या. वाटेत एकाला मागे ठेवून बाकीचे पुढे गेले, की सहलीचा सगळा आनंद तिथेच संपतो. मागे राहिलेल्या माणसाला ते पुढे कित्येक वर्षं आठवत राहतं.

यादी लांबवण्याचा मोहही आवरायला हवा. "आलोच आहोत तर धबधबा, गुहा आणि तो पॉइंट पण करून टाकू" या बोलण्याला माझा ठाम विरोध आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनचं क्षेत्र सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर आहे आणि आतल्या मुख्य रस्त्याचा फेरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात तो पूर्ण करणारे असतात, पण त्यांना दिसतात ती मुख्यतः पार्किंगची मैदानं. एकच वाट निवडा. तिथे दोन तास जास्त बसा. पक्ष्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागतात तेच मुळी माणसं गप्प बसल्यावर थोड्या वेळाने. गाडीतून उतरून पाच मिनिटांत पुन्हा गाडीत बसणाऱ्याला ते कुठून मिळणार?

इथे जवळच्या, लहान उद्यानांची बाजू मला मनापासून घ्यायची आहे. लोक त्यांना कमी लेखतात. दूर असेल तेच खरं जंगल, असा आपला समज. पण राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासात शहरातल्या माणसाची एका दिवसाची सुट्टी अगदी सुरुवातीपासून आहे. यलोस्टोन झालं १८७२ मध्ये. त्यानंतर सातच वर्षांनी, १८७९ मध्ये, सिडनीच्या दक्षिणेला आज ज्याला रॉयल नॅशनल पार्क म्हणतात ते राखून ठेवलं गेलं, ते शहरवासीयांना मोकळी हवा मिळावी म्हणून. आजही तिथे रेल्वेने जाता येतं. इंग्लंडमध्ये १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर परिसरातले शेकडो कामगार किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून चढले. ती जमीन शिकारीसाठी राखलेली होती, आणि या लोकांना आठवड्याच्या सुट्टीत मोकळं चालायचं होतं. त्यांच्यातले काही जण तुरुंगातही गेले. १९५१ मध्ये तोच परिसर पीक डिस्ट्रिक्ट म्हणून ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. एका दिवसाच्या भटकंतीसाठी माणसं तुरुंगात गेली आहेत, आणि आपण घराजवळचं उद्यान "त्यात काय बघायचं" म्हणून सोडून देतो, याचं मला वाईट वाटतं.

नैरोबीचं उद्यान ११७ चौरस किलोमीटरचं, शहराला अगदी खेटून. तिथे सिंह आणि गेंडे आहेत, आणि मागे क्षितिजावर उंच इमारती दिसतात. फिनलंडमधल्या हेलसिंकीजवळच्या नूक्सिओ उद्यानाला बसने जाता येतं. मुंबईतल्या माणसाला बोरिवली आहे. अशा ठिकाणी पहाटे निघालात तर गेट उघडताना हजर राहता येतं आणि सगळा दिवस तुमचा असतो. बहुतेक प्राण्यापक्ष्यांची लगबग सकाळी लवकर आणि संध्याकाळी असते. दूरच्या उद्यानात एका दिवसासाठी गेलेला माणूस नेमका भर दुपारी पोहोचतो, जनावरं सावलीत विसावलेली असताना, आणि म्हणतो, "काही दिसलंच नाही."

सार्वजनिक वाहनाने जाता येत असेल तर तेच निवडा. परतीला कोणालाही झोप आवरत बसावं लागत नाही. फक्त शेवटच्या बसची वेळ पाहून ठेवा, आणि त्याच्या आधीची बस हीच आपली बस असं धरा.

बंद दिवसांची चौकशी तर करायलाच हवी. ताडोब्याचा गाभा, म्हणजे आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात काही महिने पूर्ण बंद. फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या कॅलांक उद्यानात उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यानुसार रोज ठरतं की उद्या वाटा खुल्या राहणार की नाही. तिथल्या सुजितोन या खाडीत २०२२ पासून उन्हाळ्यात आरक्षणाशिवाय जाता येत नाही, आणि दिवसाला चारशे माणसांनाच परवानगी असते. लोक याला कटकट म्हणतात. मला ही बंधनं योग्य वाटतात, कारण हजारो पावलांनी तिथली माती झिजत होती आणि झाडांची मुळं उघडी पडत होती. आपल्याला एक सकाळ गैरसोय होते, जंगलाला सावरायला वर्षं लागतात. केपटाऊनच्या टेबल माउंटनवर वारा वाढला की केबलकार थांबते, तिथे तर कोणाशी वाद घालण्याचाही प्रश्न नाही. म्हणून दुसरा बेत तयार ठेवा. तोही तितक्याच आवडीने आखलेला, नाइलाजाने नव्हे.

सामानाबद्दल थोडंच सांगते. पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त लागतं. उन्हात चालताना तासाला अर्धा लिटर धरा. उंचावर जाणार असाल तर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा एक उबदार कपडा हवा. टॉर्च प्रत्येकाकडे. नकाशा घरीच डाउनलोड करा, आणि आत गेल्यावर फोन विमान मोडवर ठेवा. रेंज शोधण्यात बॅटरी भराभर संपते, आणि जीपीएस रेंजशिवायही चालतं.

आणि एक वेळ कागदावर लिहून काढा: माघारी फिरण्याची. समजा, दुपारी एक. एक वाजला की जिथे असाल तिथून मागे वळायचं, टोक समोर दिसत असलं तरी. ही वेळ आणि तुमच्या वाटेचं नाव घरी राहणाऱ्या एका माणसाला सांगून जा, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं तेही. उद्यानाच्या कार्यालयाचा नंबर त्याच्याकडे देऊन ठेवा. गाडीत बसल्यावर पहिला फोन त्यालाच करा.