टाके कुणाचे?

मागच्या महिन्यात मावशीला घेऊन मुंबईत एका प्रदर्शनाला गेले होते. पांढऱ्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत सोडलेली भलीमोठी गोधडी. शेजारच्या पाटीवर कलावंताचं नाव, साल, आणि 'जुनं कापड, दोरा'. मावशीने पाटीकडे पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवला, कापडाला नाक लागायचं तेवढं बाकी ठेवलं आणि म्हणाली, "दोघींनी शिवलीय. हिचा टाका बारीक, एकसारखा. त्या बाजूच्या बाईला घरी जायची घाई होती."

मला त्या दोघींची नावं हवी होती. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, "आर्टिस्टने एका महिला गटाकडून करून घेतलंय." गट! विषय संपला.

हस्तकला गॅलरीत आली याचा आनंद मलाही आहे. आणि ते काही आकाशातून पडलेलं नाही. चित्रकार प्रभाकर बरवे १९६० च्या दशकात हातमागासाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, चित्रकार के. जी. सुब्रमण्यनही हातमागाच्या कामात होते. मृणालिनी मुखर्जींनी तर दोरखंडाला गाठी मारत मारत माणसाहून उंच शिल्पं उभी केली. कापड-दोऱ्याला कला म्हणायचं का, हा माध्यमाचा प्रश्न केव्हाच सुटलाय. अडतंय ते नावावर.

वारलीचंच बघा. लग्नाचा चौक लिहायच्या सवाशिणी. गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. १९७० च्या दशकात कागद आला आणि जिव्या सोमा म्हसे हे नाव पुढे आलं. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्राच्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. माणूस त्या तोलाचाच होता, वाद नाही. पण चौक लिहिणाऱ्या बायका मात्र 'परंपरा' होऊन बसल्या.

"कल्पना कलावंताची असते, ब्राँझ ओतणाऱ्याचं नाव तरी कुठे असतं?" असं एका मित्राने सुनावलं. अरे, मग त्याचंही लिहा की! साध्या मराठी सिनेमात शेवटी स्पॉटबॉयपर्यंत सगळ्यांची नावं येतात. हाताएवढ्या पाटीवर आणखी एक ओळ मावत नाही? की ती लिहिली की पैशांच्या वाटणीचीही गोष्ट निघेल, ही भीती?

जिना उतरताना मावशीचं वेगळंच चाललं होतं. "ही कुणी अंगावर घेणार नाही ना गं? मग एवढे दाट टाके कशाला घातले त्यांनी?"