मच्छीमार शेवटच्या पानावर का?

आज एका बेटाचा पर्यटन आराखडा वाचला आणि डोकं फिरलं. जेटी कुठे, तंबू कुठे, स्कूबा कुठे, सगळं ठरलेलं. मच्छीमार थेट शेवटच्या पानावर, 'जनजागृती' या मथळ्याखाली. जागृती त्यांची करणार? कुठल्या खडकापाशी कुठला मासा कधी अंडी घालतो हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांची?

फिलिपिन्समधलं आपो बेट बघा. डायनामाइट, सायनाइड आणि बारीक छिद्रांची जाळी, यांनी मासळी संपत आली होती. तिथल्या सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला तिथे हुकूम घेऊन गेले नाहीत, वर्षानुवर्षं लोकांशी बोलत राहिले. १९८२ मध्ये बेटावरच्या कुटुंबांनीच सुमारे ४५० मीटर किनाऱ्यासमोरचं पाणी मासेमारीला बंद केलं. राखण पाळीपाळीने, प्रत्येक घराकडे. किनाऱ्यावर बसून सगळं दिसतं, म्हणजे एक माणूस पुरे. गस्तीची बोट नको, डिझेल नको. बंद क्षेत्र राखता येईल एवढंच घ्यायचं असतं, नकाशावर भव्य दिसेल एवढं नाही! आणि हद्द जीपीएसच्या आकड्यांत लिहून काय उपयोग? जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की होडीतल्या माणसाला ती कळली पाहिजे.

हो, सुरुंग गावकरीही लावतात. मान्य. आपोवरही लावत होतेच. ते थांबले कारण राखलेल्या पाण्याचा फायदा त्यांच्याच गळाला लागणार होता. फिलिपिन्समधल्याच सुमिलॉन बेटाच्या एका बाजूला १९७४ पासून राखीव पाणी होतं. १९८४ मध्ये संरक्षण कोसळलं, आत मासेमारी सुरू झाली आणि आजूबाजूला मिळणारी मासळीही घटली. राखीव पाण्यात वाढलेला मासा बाहेर येतो, तोच बंद पडला.

पर्यटनाचंही तेच. नांगर एकदाच पडतो, पण बोट वाऱ्यासोबत फिरते आणि तळाशी साखळी गोल घासत प्रवाळ मोडत राहते. म्हणून नांगराऐवजी बोट बांधायला कायमचे बोये, म्हणजे तळाशी पक्के केलेले तरंगते गोळे हवेत, दोराला मधे छोटा तरंगता गोळा बांधून, म्हणजे सैल दोर तळाला लागत नाही. दोर झिजतो, शंख-शेवाळ चढतं, तो ठरल्या वेळी बदलावा लागतो. यासाठी पैसा लागतो, आणि तो बेटावरच हाताशी हवा. आपो १९९४ मध्ये राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं, तेव्हा पर्यटकांचं शुल्क सरकारी तिजोरीतून फिरून उशिरा येऊ लागलं. तिथे वाईट वाटतं. ज्यांनी राखलं, त्यांनीच वाट बघायची.

सरकार नकोच, असं मी म्हणत नाही. बाहेरून येणारे मोठे ट्रॉलर गावकरी अडवू शकत नाहीत, तिथे कायदा आणि गस्त लागतेच. पण रोजच्या मासळीची नोंद गावकऱ्यांच्याच वहीत हवी: किती तास, कुठलं जाळं, कुठला मासा, किती किलो. नुसते किलो लिहिले तर फसगत होते, कारण मासळी कमी झाली तरी लोक जास्त तास घालवून तेवढीच आणतात. तासामागे किलो घसरले, की समजायचं. आराखड्याच्या एकाही पानावर ही वही नाही. शुल्काच्या पेटीची किल्ली कोणाकडे, तेही नाही.