प्रतिक्रियेला उत्तर: साथीत प्रत्यारोपणाच्या गोळ्या बंद करायच्या का?

किडनी बदललेल्यांना कोरोनाचा धोका किती, यावर मी लिहिलं होतं; त्यावर तुमचे आक्षेप दोन. मी आकडे फेकून किडनी बदललेल्या लोकांना घाबरवतो, हा पहिला. दुसरा असा की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळेच कोरोना बळावतो, तर तेवढे दिवस त्या बंद ठेवाव्यात. तुमच्या मेव्हण्यांनी तेच केलं आणि ते ठणठणीत आहेत.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. मी दिलेला, किडनी बदललेल्या ३६ कोरोना रुग्णांपैकी १० मृत्यू हा न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातला, २०२० च्या पहिल्या लाटेतला आकडा. तेव्हा लस नव्हती, हे मी लिहायला हवं होतं. ओमायक्रॉन आला तोवर मृत्यू पुष्कळ कमी झाले होते. तरी लस घेतली की सुटलो, असं आपलं, अवयव बदललेल्यांचं, नसतं. २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासात अवयव बदललेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात दोन डोसनंतरही अँटिबॉडी सापडल्या नाहीत.

गोळ्यांबाबत मात्र मी माघार घेणार नाही. डॉक्टरही औषध कमी करतात, पण कुठलं ते बघून. बहुधा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी थांबवतात किंवा अर्ध्यावर आणतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू ठेवतात, कधी वाढवतातही. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. आणि सगळंच बंद केलं तर शरीर त्या परक्या किडनीवर उठतं. ताप उतरला, खोकला गेला, तरी क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की रक्तात वाढतं ते) वर सरकत राहतं आणि माणसाला काही जाणवतही नाही.

टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या गोळीची तर वेगळीच भानगड. पॅक्सलोविड या कोरोनावरच्या औषधातलं रिटोनाविर यकृतात टॅक्रोलिमस मोडू देत नाही, त्यामुळे नेहमीचाच डोस रक्तात कित्येक पटींनी साचतो. जुलाब लागले तरी पातळी चढते. मला कोरोना झाला तेव्हा पॅक्सलोविड नव्हतं, नुसते जुलाब होते. चौथ्या दिवशी हात थरथरून चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मला वाटलं अशक्तपणा. दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी न घेता रक्त दिलं (गोळी घेऊन दिलं तर तो रिपोर्ट काही कामाचा नाही), टॅक्रोलिमसची पातळी नेहमीच्या दुपटीवर. डोस कमी केला, आठवड्यात हात थांबला. मी आपल्या मनाने गोळी सोडली असती तर पातळी उतरलीच असती, पण किती आणि कुठवर, हे कळलं नसतं.

मेव्हण्यांनी नेमकं काय बंद केलं होतं, आणि ते परत सुरू झालं का? नसेल तर आजच त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फोन करायला सांगा, आणि क्रिएटिनिन करून घ्या. ठणठणीत वाटत असलं तरी.