घरी मराठी बंद करा म्हणणारा मेसेज चुकीचा आहे
सध्या नागपुरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय की इंग्लिश मीडियमचं मूल बोलत नसेल तर घरी मराठी बंद करा, दोन भाषांमुळेच बोलणं लेट होतं. साफ चूक आहे हे, दोन भाषांनी स्पीच डिले होत नाही. केजीत गेल्यावर काही मुलं काही आठवडे, कधी काही महिनेही वर्गात गप्प राहतात, इंग्लिश आधी नुसती ऐकून घेतात, आणि तेच पोरगं घरी आजीला "मले पोहे पायजे, तर्री नको" असं धडाधड सांगत असेल तर स्पीच थेरपीची घाई काहून करायची? खरी अडचण असली तर ती मराठीतही दिसते. २ वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळत नाही, मग मात्र थांबू नका बाप्पा, पहिले कान तपासा, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ईएनटी ओपीडी आहे, अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे मुलांची तब्येत तपासायच्या सरकारी योजनेची, टीम येते न, तिलाही दाखवा. मुलाला किती शब्द येतात ते मोजताना मराठी "पाणी" आणि इंग्लिश "बॉल" दोन्ही धरायचे. थेरपिस्ट आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्टर्ड आहे का विचारा आणि घरी कोणती भाषा बोलता ते आधीच सांगा, म्हणजे तपासणी मराठीतूनही होईल.