पडून राहिलेल्या खेळण्यांवरून बाळाची परीक्षा करू नका

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चौघींनी पाठवला. आधी आमच्या परळच्या इमारतीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, मग माझ्या बालवाडीच्या जुन्या पालकांकडून, आणि शेवटी रात्री अकरा वाजता माझ्या भाचीकडून. खाली तिने लिहिलं होतं, ‘मावशी, खरं आहे का गं हे? मला झोप येत नाहीये.’ तिचा मुलगा दीड वर्षाचा आहे.

मजकूर थोडक्यात असा: ‘सावधान! दीड-दोन वर्षांचं मूल खेळण्यांशी खेळत नसेल तर ते स्वमग्न आहे असं समजा. मेंदूला चालना देणारी जास्तीत जास्त खेळणी आणून द्या. भांडीकुंडी, डबे, झाडू हातात देऊ नका, त्याने बुद्धी खुंटते. नोकरी करणाऱ्या आया वेळ देत नाहीत, म्हणून मुलं अशी होतात. डॉक्टरांच्या नादी लागू नका, तीन वर्षांपर्यंत आपोआप सुधारतं.’

परळ-लालबागच्या चाळींतली मुलं मी २२ वर्षं बालवाडीत सांभाळली. या पाच वाक्यांतलं एकही आईच्या हाती तसंच पडू नये, म्हणून लिहिते आहे.

पहिलं वाक्य सगळ्यांत जास्त घाबरवतं. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, ज्यात मुलाला माणसांशी जोडून घेणं, संवाद साधणं अवघड जातं. तिची शंका आहे का हे पाहायला डॉक्टर १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची प्रश्नावली वापरतात. २००१ साली ती आली तेव्हा तिच्यात २३ प्रश्न होते, आणि त्यातला एक खरोखरच खेळण्यांबद्दल होता: गाडी, ठोकळे नुसते तोंडात न घालता, न टाकता मूल नीट खेळतं का? पुढे हजारो मुलांवर वापरून झाल्यावर जी सुधारित प्रश्नावली केली, तिच्यातून तीन प्रश्न काढून टाकले. स्वमग्न मुलं ओळखायला ते फारसे कामाचे नव्हते. त्या तिघांत हा खेळण्यांचा प्रश्न होता. आता २० प्रश्न उरलेत. म्हणजे जी खूण तज्ज्ञांनी स्वतः बाजूला ठेवली, तीच हा मजकूर गावभर वाटत फिरतो आहे.

मग उरलेल्या प्रश्नांत काय आहे? तुम्ही खोलीच्या पलीकडे बोट दाखवलंत तर मूल तिकडे बघतं का? स्वतः बोट दाखवून मागतं का? हाक मारली की वळतं का? तुम्ही हसलात की हसतं का? रिकाम्या कपातून प्यायल्याचं सोंग करतं का? आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो प्रश्न: एखादी वस्तू तुमच्यापाशी आणून दाखवतं का, उघडून द्या म्हणून नव्हे, नुसती तुम्हीही बघावी म्हणून? जवळजवळ सगळे प्रश्न मूल आणि माणूस यांच्यामधले आहेत. त्यातूनही कळते ती फक्त शंका. रोगनिदान होतं ते त्यानंतर, मुलाला प्रत्यक्ष तपासून.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. माझ्याकडे एक मुलगा यायचा, सव्वादोन वर्षांचा. गाड्यांची टोपली दिली की तासभर हलायचा नाही. सगळ्या गाड्या भिंतीलगत ओळीने लावायचा, चाक फिरवून डोळ्यांजवळ धरायचा. किती शांत, किती शहाणा, असं त्याची आजी म्हणायची आणि मीही म्हणायचे. त्याने कधी एकही गाडी उचलून मला दाखवली नाही, हे माझ्या लक्षात यायला सात महिने गेले. त्याची आई आधीच काळजीत होती, ‘थांबा थोडं’ हे मीच तिला सांगितलं होतं. ते सात महिने मी तिला परत देऊ शकत नाही. म्हणून आता कुणी ‘खेळण्यांशी छान खेळतो’ एवढ्यावर निश्चिंत झालं की मी विचारते, आणून दाखवतो का?

जास्तीत जास्त खेळणी आणा, हा सल्ला तर उलटाच आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ मुलांना, वय दीड ते अडीच वर्षं, एकदा चार खेळणी देऊन पाहिलं आणि एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याचे जास्त तऱ्हांनी उपयोग करत होती. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या घराची खोलीच १० बाय १६ ची, तिथे क्रॉफर्ड मार्केटातून पिशव्या भरून आणलेली खेळणी खाटेखाली दिसत असतात आणि मूल त्यांच्याकडे पाठ करून बसलेलं असतं, यात मला नवल वाटत नाही. बटण दाबलं की गाणारी, इंग्रजी आकडे म्हणणारी खेळणी ‘मेंदूला चालना’ म्हणून विकतात. १० ते १६ महिन्यांच्या बाळांवर झालेल्या एका अभ्यासात अशी खेळणी समोर असताना आईबाप बाळाशी कमी बोलले आणि बाळांनीही कमी आवाज काढले. पुस्तक उघडलं की घरातली माणसं जास्त बोलत होती.

आता भांड्यांचं. या वाक्याने मला खरंच वाईट वाटलं. दीड वर्षाचं मूल दिवसभर आपल्याला बघत असतं. आपण रबरी बदकाला हातही लावत नाही. आपण लाटणं धरतो, डबा उघडतो, केर काढतो. मग त्याला लाटणंच हवं असतं, त्यात बुद्धी खुंटण्यासारखं काय आहे? अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने दीड वर्षाच्या वाढीचे जे टप्पे दिलेत त्यांत ‘झाडू मारण्यासारख्या घरकामाची नक्कल करतं’ हा एक टप्पाच आहे. डब्यात वाट्या भरणं, ओतणं, पुन्हा भरणं, चमचा खाली टाकून तो गेला कुठे हे वाकून पाहणं, झाकण चाळीस वेळा लावणं, या वयाचा खेळ हाच. आपण खेळ म्हणजे दुकानातली वस्तू असं धरून बसलो आहोत, म्हणून तो दिसत नाही.

मुंबईतच जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अंगणवाड्या नेल्या, तेव्हा परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, दगड, पानं वापरली. आपल्याकडची भातुकली तरी दुसरं काय असते? मात्र चिंचोके, मणी, शेंगदाणे, नाणी तीन वर्षांच्या आतल्या मुलापासून लांबच ठेवा. घशात अडकतात. बटणासारखे सेल तर दिसतील तिथून उचला. वाटी, पळी, पातेलं, प्लास्टिकचा डबा पुरे.

नोकरी करणाऱ्या आयांबद्दलच्या वाक्याला मी फार जागा देणार नाही. स्वमग्नतेचा दोष आईच्या ‘थंडपणा’वर टाकायची रीत परदेशात पन्नास-साठच्या दशकांत होती, आणि ती कधीच खोटी ठरली आहे. आठची लोकल धरणाऱ्या बाईच्या माथी ती पुन्हा मारू नका. दोन वर्षांच्या आत मोबाइल नको, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि मलाही पटतं, कारण तेवढा वेळ बोलण्या-खेळण्यातून जातो. पण त्याने स्वमग्नता येते असं सिद्ध झालेलं नाही.

राहिलं शेवटचं, आणि तेच सगळ्यांत घातक. आधी घाबरवायचं आणि मग डॉक्टरकडे जाऊ नका म्हणायचं! वर्षाचं होऊनही मूल बडबडत नाही, टाटा करत नाही, बोट दाखवत नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं होऊनही ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं, हसणं मागे पडलं, तर तीन वर्षांची वाट बघायची नाही. ‘मुलगा आहे, उशिराच बोलतो’ हे ऐकायचं नाही. आधी कान तपासा, कारण कमी ऐकू येणारं मूलही हाकेला वळत नाही. वांद्र्याला अली यावर जंग संस्था त्यासाठीच आहे. केईएम, शीव, नायर, वाडिया इथे बालरोग विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, तीही मोफत. अंगणवाडीताईंना तारीख विचारा. निदान नक्की व्हायच्या आधीही मदत सुरू करता येते.

भाचीला मी रात्रीच फोन केला. खेळण्यांचं सोड, म्हटलं, तो दिवसभर करतो काय? म्हणाली, ‘ओट्याखाली बसून चहाच्या गाळणीतून माझ्याकडे बघतो, मग ती आणून माझ्या डोळ्यांना लावतो.’ ऐकून मला हायसं वाटलं. मग विचारलं, मागून हाक मारलीस तर वळतो? ती थोडा वेळ गप्प झाली. ‘कधी वळतो, कधी नाही.’ पावसाळ्यात त्याचा कान दोनदा वाहिला होता.

गुरुवारी आम्ही तिघं वांद्र्याला जातोय. तिला सांगितलंय, पिशवीत गाळणी घे.